पडद्यावरची दोन बिघे



खडोलीच्या एका भगिनीचे पत्र नुकतेच आमच्या हाती आले आहे. पत्र अवघ्या एका पानाचे आहे. पण त्यातील प्रश्न एका पानात मावणारा नाही. या सदरात आम्ही ‘श्वास’ या मराठी चित्रपटाची शिफारस केली होती. ती वाचून या भगिनींनी घरच्या मंडळींना जमवून तो चित्रपट पाहिला. परिणाम असा झाला, की सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि धाकटा मुलगा झोपेतून दोनदा दचकून उठला व आईचा हात धरून ‘दिवा लाव, मला दिसतंय का ते बघू दे’ असे म्हणू लागला. ‘‘मास्तर,’’ त्या लिहितात, ‘‘दिवसभर राबून माणूस रात्री दोन घटका विसाव्यासाठी टीव्हीपुढे बसतो. घरात दुःखाची काय वाण आहे, म्हणून ते बाहेरून आणायचे? पुढच्या वेळी हसवणारा चित्रपट सांगा, नाहीतर काही सांगूच नका.’’

पत्र वाचताच, सत्य सांगायचे तर, आम्ही थोडे रागावलो. त्याच दिवशी एक लांबलचक उत्तरही लिहून काढले. त्यात करुणरस, चित्तशुद्धी, कलेचे उदात्त कार्य असे पुष्कळ मोठमोठे शब्द होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचून पाहिले, तेव्हा ध्यानात आले, की त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात कोठेच नाही. कला म्हणजे काय, हे त्यांनी विचारलेले नाही. रडवून तुम्ही आम्हांला काय देता, हे विचारले आहे. तो कागद आम्ही फाडून टाकला. त्याऐवजी आज त्यांच्याच खडोलीतील एका घरची हकीगत सांगणार आहोत. ते घर कोणते, हे त्या कदाचित ओळखतील. ओळखले, तरी मनातच ठेवावे, ही विनंती. त्या घरच्यांनी हकीगत छापण्यास संमती दिली आहे. नावे मात्र नकोत, असे त्यांचे म्हणणे आहे.

पण प्रथम ‘श्वास’विषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण तक्रार त्याच्याविषयी आहे.

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातील एका खेड्यातले आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामाला, डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात आणतात. तेथे कळते, की मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर प्राण वाचतील, पण दृष्टी जाईल. आता हे मुलाला सांगायचे कोणी आणि कसे? एवढीच कथा. आजोबांचे काम अरुण नलावडे यांनी आणि नातवाचे अश्विन चितळे या मुलाने केले आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. हा मान मिळवणारा पहिला मराठी चित्रपट म्हणजे आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’. दुसरा येण्यास तब्बल पन्नास वर्षे जावी लागली.

या चित्रपटात सर्वांत करुण प्रसंग कोणता, असे विचारले तर बहुतेक प्रेक्षक डॉक्टरांच्या खोलीतील प्रसंग सांगतील. आमचे तसे झाले नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि आजोबा कोणाला न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणतात. त्या प्रसंगी आम्हांला पुढचे काही दिसेना. कारण आमच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात आम्ही त्यांच्यापासून दुखण्याचे नाव लपवून ठेवले होते. त्यांना त्रास होऊ नये, हाच हेतू होता. आणि ते आम्हांला शहाणपणाचेही वाटले होते. चित्रपटातील मुलाला सत्य कळते, आणि मग उजेडाचा उरलेला एक दिवस त्याच्या पदरात पडतो. आम्ही वडिलांना सत्य दिले नाही, म्हणून तो दिवसही देऊ शकलो नाही. कोणते शेत पुन्हा एकदा पाहावयाचे होते, कोणाशी दोन शब्द बोलावयाचे होते, हे त्यांना विचारण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

भगिनी, आपल्या धाकट्याविषयी मात्र आमची चूक आम्ही कबूल करतो. हा चित्रपट लहानांसाठी नाही, असे आम्ही त्या वेळी स्पष्ट लिहावयास हवे होते. आता त्याला एवढे सांगावे, की हा रोग फार थोड्या मुलांना होतो, आणि तो लवकर ध्यानात आला तर बहुतेक मुलांचे प्राण व पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. मोठ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. दिव्याच्या उजेडात किंवा काढलेल्या छायाचित्रात मुलाची बाहुली पांढरट चमकताना दिसली, अथवा डोळा नव्याने तिरळा होऊ लागला, तर ‘मोठेपणी होईल बरे’ असे न म्हणता विनाविलंब डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. एका चित्रपटाने इतके जरी घरोघर पोचवले, तरी सासूबाईंचे ते एक जेवण अगदीच व्यर्थ गेले, असे म्हणता येणार नाही.

असो. आमच्या या रडण्याचा आम्हांला पुष्कळ दिवस अभिमान होता, हेही येथेच सांगून टाकतो. ज्या चित्रपटाने आमच्या डोळ्यांत पाणी आणले तो उत्तम, आणि ज्याने आणले नाही तो कनिष्ठ, अशी आमची सरळ मोजणी असे. रुमाल किती भिजला, यावर गुण देणारे आम्ही परीक्षक! हा अभिमान कसा उतरला, तीच आजची हकीगत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. खडोली हे दादरा-नगर हवेलीतील, सिल्वासाकडचे गाव. वाचकांपैकी जे या बाजूला आले असतील, त्यांना ठाऊक आहे, की भाताच्या खाचरांना लागूनच आता कारखान्यांची पत्र्याची छपरे सुरू होतात. आम्ही ज्यांच्या घरी जात-येत असतो, त्या घरात चार पिढ्यांचा वावर. ऐंशीच्या घरातले आजोबा. त्यांचा मुलगा व सून. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळीवर जाणारा नातू, त्याची बायको व तान्हे मूल. आणि सिल्वासाला महाविद्यालयात शिकणारी नात. त्या दिवसांत घरात एकच विषय चालला होता. एका कारखान्याला मागच्या बाजूने रस्ता हवा होता, आणि तो या मंडळींच्या शेताच्या कडेने जाणार होता. दलाल दोनदा येऊन गेला होता. बारा फूट रुंदीची पट्टी द्यायची, एवढेच त्याचे बोलणे. सरकारी परवानगी वगैरे सारे आम्ही पाहू, तुम्ही फक्त सही करा, असे सांगून त्याने एक कागद ठेवून दिला होता. नातू म्हणे, द्यावी. सून म्हणे, देऊ नये. आजोबा काहीच बोलत नसत.

आम्हांला कोणी मत विचारले नव्हते. पण मास्तरकी अंगात भिनलेली. न विचारता मत देण्याची सवय जात नाही. जमीन विकणे म्हणजे आईला विकणे, असा धडा या घराला द्यावा, असे आमच्या मनाने घेतले. आणि तो तोंडाने देण्यापेक्षा चित्रपटाने द्यावा, म्हणून एका रविवारी संध्याकाळी आम्ही ‘दो बिघा जमीन’ घेऊन त्यांच्याकडे गेलो. नातीने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. बाहेर पावसाची झड लागली होती.

हा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५३ साली बिमल रॉय यांनी तो काढला. कथा सलील चौधरी यांची. शंभू नावाचा एक शेतकरी. बायको पार्वती, मुलगा कन्हैया आणि म्हातारा बाप. जमीन दोन बिघे. जमीनदाराला तेथे गिरणी उभारावयाची आहे, म्हणून त्याला ती हवी. शंभू देत नाही. तेव्हा जमीनदार जुन्या कर्जाचा तगादा लावतो. शंभूच्या हिशेबाने कर्ज पासष्ट रुपये. घरातील भांडीकुंडी व बायकोच्या कानांतले विकून तो पैसे घेऊन जातो, तर तेथे वहीत दोनशे पस्तीस रुपये मांडलेले! खोटा कागद, आणि त्यावर निरक्षराचा अंगठा. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते. शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला जातो, माणसाने ओढावयाची रिक्षा ओढतो. मुलगा बूट पुसतो. एवढे करूनही पैसे जमत नाहीत. शेवटी गावी परततात, तो शेतावर कारखाना उभा राहात असतो. कुंपणाबाहेरून शंभू आपल्या जमिनीची मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी तीही त्याला टाकून द्यावयास लावतो.

शंभूचे काम बलराज साहनी यांनी केले आहे, आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाचे काम आपल्या नाना पळशीकरांनी. साहनी हे उच्चशिक्षित, लंडनला नभोवाणीवर काम करून आलेले. हा गृहस्थ रिक्षावाला कसा दिसणार, अशी शंका पुष्कळांना होती, आणि त्यांना स्वतःलाही होती. त्यांनी आपल्या आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे. कलकत्त्याला चित्रीकरण चालू असता ते हताश होऊन बसले होते. एक अधेड वयाचा रिक्षावाला जवळ आला आणि हे काय चालले आहे, असे विचारू लागला. साहनींनी चित्रपटाची कथा सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कारण ती त्याचीच कथा होती. त्याचीही बिहारात दोन बिघे जमीन होती. ती जमीनदाराकडे गहाण पडलेली, आणि ती सोडवण्यासाठी तो पंधरा वर्षे कलकत्त्यात रिक्षा ओढत होता. त्यानंतर साहनींनी अभिनयाची सारी शास्त्रे बाजूला ठेवली आणि त्या माणसालाच आपल्या अंगात घेतले.

कथेचे हे बीज आपल्याकडे त्याहून जुने आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला होता. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या पाशात जमीन गेलेला शेतकरी शहरात येऊन मजूर होतो, हाच त्याचा विषय. आणि त्या तरुण शेतकऱ्याचे काम पुढे थोर दिग्दर्शक झालेल्या व्ही. शांताराम यांनी केले होते. बोलपटांचे युग आल्यावर १९३६ साली पेंटरांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. मूकपट आम्ही पाहिलेला नाही, केवळ त्याविषयी वाचले आहे. पण देवदेवतांच्या चमत्कारांनी पडदा भरून गेलेला असता एका कुणब्याची झोपडी त्यावर आणणारा तो माणूस आम्हांला फार मोठा वाटतो.

बिमल रॉय यांना मात्र तात्कालिक प्रेरणा मिळाली ती परदेशातून. १९५२ साली मुंबईत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. त्यात त्यांनी व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. महायुद्धानंतरचे रोम शहर. एका बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्याला सायकल हवी. बायको घरातील चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. बाप व लहान मुलगा ती शोधत शहर पालथे घालतात. अखेर बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो आणि मुलादेखत पकडला जातो. लोक त्याला सोडून देतात. मुलगा मुकाट्याने त्याचा हात धरतो. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता, कारखान्यातील खराखुरा कामगार होता. आणि चित्रपट जगभर गाजल्यावर त्याची ती कारखान्यातील नोकरीही गेली! १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस उत्तम चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत या चित्रपटाचे नाव आहे.

इतके सारे आम्हांला ठाऊक होते, आणि ते सांगण्याची हौसही होती. चित्रपट सुरू होण्यापूर्वी आम्ही छोटेसे भाषणच केले. १९५३ साली हा चित्रपट आला, तेव्हा तुमची खडोली पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होती. दादरा मुक्त झाले २२ जुलै १९५४ रोजी आणि सिल्वासा २ ऑगस्टला, असेही सांगितले. आजोबांनी मान हलवली. नातवाने जांभई दिली. तो रात्रपाळी करून आला होता.

चित्रपट चालू झाला. वाचकहो, शेवटच्या त्या मूठभर मातीच्या प्रसंगाला आम्ही आजवर कधी कोरड्या डोळ्यांनी सामोरे गेलो नाही. त्याही दिवशी रुमाल काढून तयारच बसलो होतो. पण मधूनमधून आमचे लक्ष घरच्या मंडळींकडे जाई, आणि आमचा गोंधळ वाढत जाई. आम्ही जेथे रडत होतो, तेथे कोणीच रडत नव्हते. पार्वतीने कानांतले काढून दिले, तेव्हा सुनेने पदर तोंडाशी नेला. पण आम्हांला तो प्रसंग नेहमी किरकोळ वाटत आला होता. शंभू जास्त पैशांच्या आशेने रिक्षा पळवतो, आणखी पळवतो आणि चाक निखळून पडतो, तेथे नातू ताठ उठून बसला. ‘‘जादा पाळी,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हे असेच असते.’’ आणि ज्या प्रसंगासाठी आम्ही एवढा खटाटोप केला होता, तो मूठभर मातीचा प्रसंग आला, तेव्हा आजोबांनी विडी विझवली आणि विचारले, ‘‘संपले का?’’

आम्ही चकित झालो. ‘‘आजोबा, तुम्हांला काहीच वाटले नाही? त्याला मूठभर मातीसुद्धा नेऊ दिली नाही!’’

‘‘मूठभर माती नेऊन काय करणार होता तो, मास्तर?’’ आजोबा म्हणाले. ‘‘ती काय पेरता येते? ते राहू द्या. त्या पासष्टाचे दोनशे पस्तीस कसे झाले, तेवढे पुन्हा दाखवा.’’

नातीने चित्रपट मागे नेला. आजोबा खाट सोडून टीव्हीजवळ पाटावर येऊन बसले. वहीचा तो प्रसंग त्यांनी एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला. मग म्हणाले, ‘‘गडी मेहनती होता, बायको गुणाची होती, पोरगाही चांगला. पण घरात कागद वाचणारा कोणी नव्हता. जमीन गेली ती इथे गेली. पुढचे सारे रिक्षा ओढणे फुकट.’’ थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते सुनेकडे वळून म्हणाले, ‘‘त्या दलालाचा कागद कुठे ठेवलास?’’

कागद पेटीत कपड्यांखाली होता. तो इंग्रजीत होता, म्हणून कोणी वाचला नव्हता. दलालाने तोंडी जे सांगितले, तेच त्यात असणार, असे सर्वांनी धरून चालले होते. खरे म्हणजे घरात वाचणारी मुलगी होती. पण हा पुरुषांचा व्यवहार, तिला काय दाखवायचे, अशी समजूत. आणि आमची लाज सांगतो : त्या घरी आम्ही त्या महिन्यात तीनदा जेवलो होतो, जमिनीवर व्याख्याने दिली होती, पण तो कागद दाखवा, असे आम्हीही कधी म्हटले नव्हते.

नातीने कागद दिव्याखाली धरला. अडलेले शब्द मोबाइलवर पाहात, एकेक ओळ मराठीत सांगत, तिने तो वाचावयास तासभर घेतला. त्यात बारा फुटांचा उल्लेख कोठेच नव्हता. पट्टीची रुंदी लिहिलेली नव्हती. शेताचा सबंध क्रमांक तेवढा होता. त्या क्रमांकात विहीर येत होती. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क राहील की नाही, याविषयी एक अक्षर नव्हते. नातू, जो इतके दिवस ‘द्यावी’ म्हणत होता, तो कागद हातात घेऊन पुष्कळ वेळ नुसता बसून राहिला. दलालाने हे मुद्दाम केले की अज्ञानाने, हे आम्हांला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना कोणावर आळ घेणे योग्य नव्हे. पण सही त्या आठवड्यात झाली नाही.

येथे ही हकीगत संपवली असती, तर ती फार सुबक झाली असती, आणि आमच्या मनातला धडाही साधला असता. पण खोटे कशाला सांगावे? त्या घराने जमीन दिली. सिल्वासाला जाऊन एका वकिलाकडून नवा कागद करून घेतला, पट्टी मोजून घेतली, बारा फूट म्हणजे बाराच, विहीर वगळली, गुरांना पलीकडे जाण्यासाठी वाट लिहून घेतली, आणि भावही वाढवून घेतला. आज तेथे रस्ता आहे. बांधावरचा फणस त्यात गेला. दिवसभर मालमोटारी धावतात आणि ओटीवर धूळ बसते. सुनेला ते अजून पटलेले नाही, आणि ती तसे बोलून दाखवते. नातवाला कामावर जाण्यास जवळ पडते. आलेल्या पैशांतून नातीची पुढील शिक्षणाची फी भरली. आजोबा पूर्वी ओटीवर ज्या बाजूला तोंड करून बसत, त्या बाजूला आता बसत नाहीत. खाट फिरवून घेतली आहे. आम्ही विचारले, तर म्हणाले, ‘‘धूळ डोळ्यांत जाते.’’

भगिनी, आपल्या प्रश्नाचे आमच्याजवळ असलेले उत्तर ते हे. दुःखाचा चित्रपट आम्हांला रडवतो, म्हणून तो चांगला, असे आम्ही आता म्हणत नाही. रडणे ही सोपी गोष्ट आहे. शंभूसाठी आम्ही किती वेळा रडलो, याची गणती नाही. आणि त्या सबंध काळात शेजारच्या पेटीत एक न वाचलेला कागद पडून होता. आमच्या आसवांनी त्याची घडीसुद्धा उलगडली नाही. आजोबा रडले नाहीत. पण त्यांनी त्या पडद्यावर नेमके ते पाहिले, जे त्यांच्या घरात घडू पाहात होते. आम्ही करुणरस पाहात होतो, ते व्यवहार पाहात होते. आणि शंभूवर खरी माया कोणाची, असे विचारले, तर त्या रात्री ती आमच्याहून त्यांची अधिक होती. शंभूच्या चुकीतून त्यांनी आपले घर वाचवले.

म्हणजे दुःख बाहेरून आणावयाचे नाही, हे आपले म्हणणे खरेच आहे. पण घरात जे दुःख आधीच येऊन कोपऱ्यात बसलेले असते, त्याचे तोंड कधी कधी आपल्याला दिसत नाही. ते पडद्यावर, दुसऱ्याच्या घरात, मोठे होऊन दिसते. आमच्या वडिलांच्या आजारपणी ‘श्वास’ निघाला असता, तर कदाचित आम्ही त्यांच्या खाटेजवळ वेगळ्या रीतीने बसलो असतो. आपल्या सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. त्या कशामुळे जेवल्या नाहीत, हे कोणी त्यांना विचारले का? पडद्यावरच्या नातवासाठी की आणखी कशासाठी? त्यांचे स्वतःचे डोळे बरे आहेत ना? आम्हांला ठाऊक नाही. पण विचारून पाहावे, असे मनापासून वाटते.

तेव्हा वाचकांना आमची एक लहानशी सूचना आहे. असा एखादा चित्रपट घरी पाहिलात, तर तो संपताच दिवा लावून उठू नका. दहा मिनिटे तेथेच बसा, आणि एकेकाला विचारा : तुझे मन कोठे अडकले? वडिलांनी आधी बोलू नये. त्यांनी आधी बोलले, की बाकीचे तेच म्हणतात. मास्तरांनी तर मुळीच बोलू नये. लहान मुलांना आधी विचारावे, मग सुनांना, मग म्हाताऱ्यांना. प्रत्येकाचे मन निराळ्या जागी अडकलेले असते, आणि त्या जागांवरून घरात काय चालले आहे, ते पुष्कळसे कळते. आम्हीही या सदरात आता रुमाल मोजणार नाही. चित्रपट पाहून झाल्यावर आजोबांनी केला तो प्रश्न स्वतःला करू : ‘हे पुन्हा दाखवा’ असे म्हणावेसे वाटले, ते कोणत्या जागी? आणि का?

‘दो बिघा जमीन’ची जुनी प्रत दुरुस्त करून ती २०२५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवण्यात आली. तेथील जाणकारांनी तिचे कौतुक केले असेलच. पण त्या चित्रपटाला याहून सूक्ष्म परीक्षक खडोलीत पाटावर बसलेला मिळाला होता, असे आमचे मत आहे.

राहता राहिली हसवणाऱ्या चित्रपटाची मागणी. ती रास्त आहे, आणि आजवर आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले, हा आमचा दोष. म्हणून या खेपेस शिफारस करतो ती राजा परांजपे यांच्या १९५२ सालच्या ‘लाखाची गोष्ट’ची. लाख रुपये हाती आल्यावर ते खर्च कसे करायचे, या पंचाइतीत सापडलेल्या दोन गरीब तरुणांची ही गंमत आहे. त्याला संगीत आहे सुधीर फडके यांचे. त्यानंतर दोनच वर्षांनी हेच फडके दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात जातीने उतरले होते, आणि त्या कार्याला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. तेव्हा त्या माणसाचे संगीत खडोलीच्या घरात वाजावे, यात औचित्यही आहे.

येत्या रविवारी आम्ही त्याच घरी तो पाहणार आहोत. आजोबांनी निरोप पाठवला आहे : भाषण नको, वेळेवर या. आपणही, भगिनी, सासूबाईंना व धाकट्याला घेऊन तो पाहावा. आणि कोण कोठे हसले, ते आम्हांला अवश्य कळवावे.